मीटर उघडायची घाई नको
मित्रा, यामाहा आरएक्स १०० बाईकच्या स्पीडोमीटरचा काटा थरथरतोय म्हणून लगेच मीटर उघडू नकोस. आधी किलोमीटरचे आकडे बघ. ते फिरतायत आणि काटा मेलाय, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही बंद असतील तर चाकापासून मीटरपर्यंत येणारी केबल तुटलीय किंवा पुढच्या चाकातली, ती केबल फिरवणारी गरारी (गिअर) झिजलीय. थरथर मात्र बहुतेक वेळा कोरड्या किंवा मुरडलेल्या केबलची. ठाण्याच्या पावसात पाणी आत शिरतं, आतली तार गंजते. तार काढून रॉकेलने पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, पण मीटरकडची वरची चार-पाच इंच कोरडी ठेव. नाहीतर ग्रीस वर चढतं आणि सगळं चिकटतं.

मीटर उघडावाच लागला, तर कडेची पत्र्याची रिंग पातळ स्क्रूड्रायव्हरने थोडी थोडी उचल, गोल फिरत. एका जागी जोर दिलास की काच गेलीच. आत चुंबक फिरतो, त्याच्या ओढीने अ‍ॅल्युमिनियमची वाटी वळते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. त्या स्प्रिंगला हात लावायचा नाही, वाटीत तेलही घालायचं नाही. काटा उपटण्याआधी त्याची जागा फोटोत घे. मीटर परत बसवण्यापूर्वी त्याची केबल जोडायची जागा ड्रिल मशीनने हळू फिरवून बघ. ड्रिल कुठल्या दिशेने फिरवायचं ते, चाक हाताने पुढे फिरवून केबल कशी वळते ते बघून आधीच ठरव.