क्विल मध्येच अडकते : बोअर होन करण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जुनी टरेट मिलिंग मशीन घेतली आहे. क्विल (कटर फिरवणारा स्पिंडल जिच्यात असतो ती वर-खाली सरकणारी नळी) वरच्या टोकाला मोकळी चालते, पण साधारण ४० मिमी खाली आली की जड होते, कधी तिथेच अडकून बसते. लॉक सैल केलेला आहे. तेलाचा स्प्रे मारला की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बघायला आलेल्या मेकॅनिकने क्विल बाहेर काढून बोअर (क्विल ज्यात सरकते ते हेडमधलं भोक) होन करायला, म्हणजे आतून घासून किंचित मोठं करायला सांगितलंय, तर करावं का?

होन करू नका. क्विल ही कडक करून ग्राइंड केलेली पोलादी नळी असते आणि ती सरकते ते हेड बिडाचं. दोन्हींमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची असते. ती एकदा वाढली की कमी करायला सोपा उपाय नाही. क्विल सुळसुळीत चालेल खरी, पण बोअरिंग केलेलं भोक नीट गोल येणार नाही, कटर थरथरेल आणि लॉक आवळला की स्पिंडल जागचा हलेल. शिवाय होनिंगचे किंवा पॉलिश पेपरचे कण मऊ बिडात रुतून बसतात आणि पुढे कायम क्विललाच खात राहतात. म्हणून बोअरमध्ये पॉलिश पेपरही घालू नका.

मुळात जड चालणाऱ्या क्विलचा दोष बहुतेक वेळा बोअरमध्ये नसतोच. क्विलला बाहेरून बरंच काही चिकटलेलं असतं : लॉक, रॅक आणि पिनियन (क्विलवरची दात्यांची पट्टी आणि हँडलने फिरणारं तिचं दात्यांचं चाक), परतीची स्प्रिंग, ऑटो फीडची गाडी, खोलीचा स्टॉप आणि वरून येणारा स्पिंडलचा स्प्लाइन (उभ्या खाचांचा भाग, ज्यातून स्पिंडल फिरवला जातो). यातलं एकेक सोडवत जायचं आणि काय सोडवल्यावर क्विल मोकळी होते ते हाताला विचारायचं. सगळं एकदम खोलून बसलात तर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

आधी मेन स्विच बंद करा आणि कटर, कोलेट काढून ठेवा. टेबलावर लाकडाचा जाड ठोकळा ठेवून टेबल इतकं वर घ्या की क्विल सुटलीच तर ठोकळ्यावर टेकेल. ही काळजी पुढच्या प्रत्येक पायरीला हवी. खोलीचा स्टॉप काढल्यावर क्विल रॅकच्या शेवटच्या दातावरून निसटून सरळ खाली येऊ शकते, आणि स्पिंडलसकट तिचं वजन बोटं चिरडायला पुरेसं असतं.

आता हँडल अगदी सावकाश फिरवत क्विल खाली आणा. जिथे जड लागते तिथे हेडच्या कडेला लागून क्विलवर मार्करने बारीक रेघ मारा. वर नेताना जड लागते ती जागाही तशीच खूण करा. मग क्विल जड जागेवर थांबवून गियर न्यूट्रलला टाका, स्पिंडल हाताने पाव वळसा फिरवा आणि पुन्हा हँडल हलवून पाहा. ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत, पण तिच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही. स्पिंडल फिरवल्यावर जडपणा कमी-जास्त झाला तर दोष स्पिंडलमध्ये किंवा स्प्लाइनमध्ये आहे : स्पिंडल वाकलेला, स्प्लाइनच्या खाचेत चिप, नाहीतर जुनं ग्रीस वाळून घट्ट झालेलं. काहीच फरक पडला नाही तर वरचं सगळं तूर्त विसरा आणि क्विलच्या आजूबाजूला बघा.

स्प्लाइनबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तुमच्या लक्षणाशी तिचा संबंध आहे. बेल्ट बदलताना हेडचा वरचा भाग उचलून परत बसवतात. तो नीट टेकला नाही, किंवा खाली एखादी चिप राहिली, तर वरचा हब (स्प्लाइनला धरून फिरवणारा भाग) आणि क्विल एका रेषेत राहत नाहीत. पण हा दोष क्विल पूर्ण वर असताना जास्त जाणवतो, कारण तेव्हा हब आणि क्विलचं वरचं बेअरिंग जवळ असतात आणि मधल्या स्पिंडलला लवायला जागा नसते. खाली येईल तशी क्विल सैल पडते. तुमचं नेमकं उलट आहे, वर मोकळी आणि खाली जड. म्हणून माझा संशय तिथे कमी आहे. खात्री करायची असेल तर वरच्या भागाचे बोल्ट थोडे सैल करून क्विल चालवून बघा. फरक पडला तर तो भाग स्वच्छ करून पुन्हा बसवा, आणि बोल्ट आवळताना मधूनमधून क्विल वर-खाली करत राहा.

तुमच्या मशीनवर मी लॉकपासून सुरुवात करेन. ‘लॉक सैल आहे’ म्हणजे हँडल सैल आहे, एवढंच. ब्रिजपोर्ट पद्धतीच्या हेडमध्ये एका आडव्या भोकात दोन लहान गुटके समोरासमोर बसलेले असतात. बोल्ट त्यांना एकमेकांकडे ओढतो आणि त्यांच्या गोलाई दिलेल्या बाजू क्विलवर दाबल्या जातात. हँडल सोडल्यावर या गुटक्यांना मागे ढकलणारं काहीच नसतं. चिकट तेल आणि बारीक कचरा त्यांना क्विललाच धरून ठेवतो. हँडल आणखी काही वळसे सोडा आणि बोल्टच्या डोक्यावर पितळी दांड्याने हलकेच टिचकी मारा. तेवढ्याने क्विल सुटली तर निम्मं काम झालं. मग बोल्ट पूर्ण काढून दोन्ही गुटके बाहेर घ्या आणि गोलाईच्या कडेवरून नख फिरवा. वर्षानुवर्षं जोरात आवळलेल्या गुटक्याच्या कडेला बर (धातूची वर आलेली धारदार कड) उठलेली असते, नखाला ती लगेच लागते. हीच बर क्विलवर उभे ओरखडे पाडते. ऑइल स्टोनने बर काढा, भोक फडक्याने पुसा. परत बसवताना गोलाई क्विलकडेच वळलेली आहे ना ते पाहा. गुटका भोकात थोडासा जरी फिरून बसला तरी त्याचा कोपरा क्विलमध्ये रुततो, आणि लॉक सैल असतानाही क्विल घासत राहते.

लॉक बाहेर असतानाच क्विल चालवून बघा. तरीही त्याच रेघेवर जड असेल तर पुढचा संशयित खोलीचा स्टॉप. पुढच्या उभ्या स्क्रूवर नट असतो आणि क्विलला लावलेला ठोकळा त्या स्क्रूवरून सरकतो. कधीतरी ऑटो फीड चालू असताना क्विल नटवर जोरात आदळलेली असते आणि स्क्रू किंचित वाकतो. डोळ्यांना तो सरळ दिसतो, पण ठोकळा वाकलेल्या भागापाशी आला की क्विल जड होते, वर मात्र मोकळी राहते. तुमचं लक्षण याच्याशी बरंच जुळतं. ठोकळा सोडवून क्विल चालवा. मोकळी झाली तर स्क्रू काढून सपाट पृष्ठभागावर लोळवा, वाकडेपणा लगेच दिसेल. आट्यांमध्ये चिप दाबली गेली आहे का तेही पाहा. ज्या उभ्या खाचेतून हा ठोकळा बाहेर येतो, बारीक बिडाची भुकटी आत शिरायची मुख्य वाट तीच आहे. तिथे टॉर्च मारून बघाच.

ऑटो फीडचं फार लांबण लावत नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तर हँडलला गियरचे एकसारखे बारीक धक्के जाणवतात. तुम्ही धक्क्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. स्प्रिंगचा दोषही वेगळा ओळखू येतो. ती जास्त ताणलेली असेल तर खाली येताना जडपणा हळूहळू वाढत जातो, एका जागी उभा राहत नाही. स्प्रिंग तुटून तिचा तुकडा डबीत अडकला असेल तर मात्र एका ठरावीक जागी खटका लागतो. डबी उघडायची वेळ आलीच तर हातमोजे घाला आणि झाकण घट्ट धरून ताण एकेक टप्प्याने सोडा. ती घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टी असते, हातातून सुटली तर हात कापते.

उरला रॅक. जिथे रेघ मारलीय तिथल्या दाताच्या तळाशी चिप दाबून बसलेली असू शकते. पातळ पितळी ब्रश आणि थोडं रॉकेल वापरून साफ करा. हवेच्या पाइपने फुंकर मारू नका, त्याने चिप आणखी आत जाते.

स्प्रेमुळे थोडा वेळ बरं वाटतं, यातही एक सूचना आहे. असे स्प्रे आधीचं घट्ट झालेलं तेल तात्पुरतं पातळ करतात, मग उडून जातात आणि मागे चिकट थर ठेवतात. त्यावर पुन्हा स्प्रे मारला की थर आणखी जाड. क्विल जितकी खाली नेता येईल तितकी नेऊन रॉकेलच्या फडक्याने पुसा. फडक्यावर तपकिरी डिंकासारखं काही आलं तर ते निघेपर्यंत पुसत राहा. मग पातळ स्पिंडल ऑइल द्या. अशा हेडला व्हीजी २२ च्या आसपासचं चालतं (व्हीजी म्हणजे तेलाच्या दाटपणाचा क्रमांक), मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते माना. स्लाइडवेचं व्हीजी ६८ इथे नको आणि ग्रीस तर नकोच.

एक शंका तुम्हीच तपासा : क्विल सकाळीही जड असते, की मशीन बराच वेळ वेगात चालल्यावर? या पद्धतीच्या हेडमध्ये क्विलचा बाहेरचा व्यास सुमारे ८६ मिमी असतो. स्पिंडलच्या बेअरिंगमुळे क्विल हेडपेक्षा २० अंश सेल्सिअसने जास्त तापली तर तिचा व्यास साधारण ०.०२ मिमीने वाढतो, आणि तेवढ्यात सगळी फट संपू शकते. गरम झाल्यावरच अडकत असेल तर क्विलला हात लावू नका. बेअरिंगमधलं ग्रीस किंवा प्रीलोड (बेअरिंग बसवताना दिलेला दाब) बघायला हवा.

हे सगळं करूनही क्विल रेघेवर अडकली, तरच ती बाहेर काढायची. बाहेर आल्यावर पृष्ठभागावर बोट फिरवा. ओरखड्याची खाच त्रास देत नाही, तिच्या दोन्ही कडांना उठलेला काठ त्रास देतो. बारीक दाण्याच्या ऑइल स्टोनला तेल लावून फक्त तो काठ उतरवा, खाच तशीच राहू द्या. मग क्विलवर मार्किंग ब्ल्यूचा (कुठे घासतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर लावून ती बोअरमध्ये एकदा सरकवा आणि बाहेर घ्या. बोअरमध्ये जिथे निळा डाग दाट उमटेल तेवढ्याच जागी हलक्या हाताने स्टोन फिरवायचा. मायक्रोमीटरने क्विलचा व्यास वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून ठेवा. एखाद्या ठिकाणी फुगवटा सापडला तर तो ग्राइंडिंगवाल्याकडे न्यायचा. तिथे कानस लावू नका.

लॉक आणि स्टॉप दोन्ही काढून क्विल चालवून बघितलीत की काय झालं ते लिहा, सोबत स्पिंडल पाव वळसा फिरवल्यावर फरक पडला का तेही. त्यावरून पुढे काय खोलायचं ते सांगता येईल.