कागदाची फुलं करून लहान मुलं नेमकं काय शिकतात?

'मुलगी चार वर्षांची आहे, फुलं वाकडीतिकडी होतात, त्यापेक्षा तेवढ्या वेळात अक्षरं गिरवली असती तर?' हे तुमचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. अकरा वर्षं बालवर्गाला शिकवलंय मी. याच वाकडेपणावरून आमच्या मोठ्या बाईंशी माझं जे बिनसलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

बोटांना वळण लागतं, पुढे पेन्सिल धरायला सोपं जातं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. ते सोडून देते.

माझ्या वर्गात पाच वर्षांचा एक डावखुरा मुलगा होता. त्याची कात्री कागद कापायची नाही, चावायची. मला वाटे, याचा हातच जड आहे. खरं तर नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबानं पाती एकमेकांना घासतील अशी बनवलेली असते. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो, कागद मध्येच दुमडतो, शिवाय वरचं पातं नेमकी रेघ झाकतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर किती पोरांना 'नीट काप रे' म्हणून टोकलं, कोण जाणे.

पोरगा हट्टी होता. त्यानं कात्री ठेवून दिली आणि कागद घडी घालून, नखानं दाबून फाडायला लागला. दोनतीन दिवसांनी माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, असा फाडला की कागद ऐकतो, असा फाडला की ऐकतच नाही." कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात, त्या दिशेनं तो सरळ फाटतो आणि आडवा फाडला की भरकटतो. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. क्रेप कागदाचंही असंच, एकाच बाजूला ताणला जातो, म्हणून तर त्याच्या पाकळीला खोलगटपणा आणता येतो. एका बाजूनं रंगीत असलेला कागद फाडला की कडेला पांढरी केसाळ किनार उरते. याच्या लाल फुलाच्या प्रत्येक पाकळीला ती होती आणि त्याला ती भारी आवडायची.

मग प्रदर्शन आलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकांना हे दाखवायचं? सगळी फुलं एकसारखी करून घ्या." आणि मी, अहो मीच, संध्याकाळी बसून साठ फुलांच्या कडा कातरल्या. दुसऱ्या दिवशी त्याची आई "किती सुबक!" म्हणत होती आणि तो मला विचारत होता, "बाई, माझी पांढरी कड कुठं गेली?" मी म्हणाले, "आता छान दिसतंय ना?" त्यानंतर बरेच दिवस तो कागद घेऊन सरळ माझ्याकडे यायचा. "तुम्हीच कापा."

मोठ्या बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पोरं विसरतात." विसरत नाहीत. पुढच्या प्रदर्शनाला मी एकाही फुलाला हात लावला नाही आणि आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

गणिताचं म्हणाल तर, मध्यावर घडीवर घडी घालत जा आणि कापा: पाकळ्या चार, आठ, नाहीतर सोळा. एका मुलीला पाचच हव्या होत्या. तिनं कागदांचा ढीग संपवला, तेव्हा कुठे 'घडी मध्यावर घातली की पाच होतच नाहीत' यावर आली. हे शब्दांत सांगून चार वर्षांच्या मुलाला पटत नाही. कागदाच्या घड्या आणि कातरकाम बालशिक्षणात आणलं फ्रोबेलनं, ज्यानं १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याच्या बऱ्याच आधी तो बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांवर, म्हणजे त्यांच्या रेखीव, नेमक्या आकारांवर काम करत होता. मुलांनी भिंत सजवावी म्हणून त्यानं हे आणलं नसणार, एवढं मला त्यावरूनच कळतं.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. फुलं केली म्हणजे अक्षर आपोआप सुधारेल असं नाही, गिरवणं वेगळं करावंच लागतं. काही मुलांना डिंकाचा चिकटपणा अजिबात सोसत नाही, त्यांना मातीत खेळू द्या. आणि पालक खरंच तक्रारी करायचे, त्या सगळ्या मोठ्या बाईंनाच ऐकून घ्याव्या लागायच्या, हेही खरं.

तुमची मुलगी डावखुरी असेल तर आधी डावखुऱ्यांची कात्री आणा. आणि फूल घरी आलं की उलटं करून बघा. मागे डिंकाचे डाग आणि चुकलेल्या घड्या दिसल्या तर तिला काही म्हणू नका. मागची बाजू अगदी स्वच्छ असेल तर मात्र तिच्या बाईंना विचारा, कात्री कुणाच्या हातात होती.