कासव आणि मराठवाड्याचं ऊन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दीड वर्षापूर्वी लेकीच्या हट्टापायी दुकानातून नाण्याएवढं हिरवं कासव आणलं. डोळ्यांमागे लाल पट्टा आहे. आता त्याची पाठ दहा सेंटिमीटर झाली. प्लास्टिकच्या टबात ठेवतो, दुकानदारानं दिलेली वाळलेली कोळंबी खाऊ घालतो. दहा दिवसांपासून दोन्ही डोळे सुजून मिटलेत, खाणं सोडलंय. कोणते थेंब घालावेत? आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. टबातलं पाणी रोज कसं बदलायचं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : घरातले माणसांचे थेंब अजिबात घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि जंतुसंसर्ग असेल तर तो बळावतो. दुखणं डोळ्यांत दिसतंय, पण मूळ बहुतेक खाण्यात आणि पाण्यात आहे. नुसत्या वाळलेल्या कोळंबीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की पापण्यांच्या आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात आणि डोळा फुगतो. त्यात टबातल्या विष्ठेपासून होणारा अमोनिया डोळ्यांना झोंबतो. हे कासव खाणं डोळ्यांनी शोधतं, त्यामुळे दिसेनासं झालं की उपाशी राहतं. दहा दिवस ही लांबलेली गोष्ट आहे, तेव्हा आता घरी उपचार नकोत. उदगीर आणि परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत दाखवता येईल. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागलं तरी मात्रा डॉक्टरांनीच वजन करून ठरवायची, कारण जास्त झाली तर कातडी सोलून निघते. नेताना पाण्यातून नेऊ नका. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात ओलसर फडकं अंथरा आणि त्यावर ठेवा. कासव पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील तर फुप्फुसाचा आजार असू शकतो. मग एक दिवसही थांबू नका.

बरं झाल्यावर मुख्य खाणं पाण्यातल्या कासवांसाठीच्या गोळ्यांचं ठेवा. एक दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढाच ढीग. सोबत रोज थोडा पाला : शेवग्याची कोवळी पानं, जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक आणि चुका क्वचितच, त्यांतलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियम अडकवतं. काष्ठौषधीच्या दुकानात कॅल्शियम देणारा समुद्रफेस मिळतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, ते कुरतडतं. पोळी, भात, बिस्किट बंद.

आता पाणी. ढोबळ हिशेब असा की पाठीच्या दर सेंटिमीटरला पंधरा लिटर, म्हणजे तुमच्या कासवाला दीडशे लिटर. टंचाईच्या गावात हा आकडा ऐकून छातीत धस्स होईल, पण लहान टबच जास्त पाणी खातो. वीस लिटरचं पाणी दोन दिवसांत घाण होतं आणि सगळं ओतावं लागतं. मोठ्या टाकीला फिल्टर लावला तर आठवड्याला एक तृतीयांश, म्हणजे पन्नासेक लिटर बदललं की भागतं. आणखी एक गोष्ट पाणी वाचवते : खाणं टाकीत घालू नका. वेगळ्या घमेल्यात चार बोटं पाणी घ्या, कासव वीस मिनिटं त्यात ठेवा, खाऊ द्या, पुसून परत टाकीत सोडा. निम्म्याहून अधिक घाण घमेल्यातच राहते. (पाण्याबाहेर या जातीला नीट गिळता येत नाही, म्हणून घमेल्यात पाणी हवंच.) काढलेलं पाणी नत्रयुक्त असतं, फुलझाडांना आणि लिंबाला घाला. कोथिंबीर, मेथीच्या वाफ्यात मात्र नको. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हा जंतू असतो, त्यानं हगवण लागते. त्याच कारणानं टाकी स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाही, आणि लेकीनं हाताळल्यावर दरवेळी साबणानं हात धुवायचे. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या हाती कासव देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून मग टाकीत घाला, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

टाकीत उतरती वीट किंवा फळी अशी बसवा, की कासव पूर्ण बाहेर येऊन कोरडं होईल. कोरडं होता आलं नाही तर कवच कुजतं. विटेवर ३० ते ३२ अंश, पाण्यात २४ ते २८ अंश. उन्हासाठी काचेच्या खिडकीचा उपयोग नाही, काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते आणि त्यांच्याशिवाय ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कवच मऊ पडतं. सकाळचं थेट ऊन अर्धा तास पुरे. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत, अर्धा टब सावलीत ठेवून आणि समोर बसून. काचेची टाकी उन्हात ठेवली तर पाणी बघता बघता तापतं आणि कासव दगावतं.

एक सांगून ठेवतो : मादी असेल तर पाठ पंचवीस ते तीस सेंटिमीटर होते, आयुष्य वीस-तीस वर्षं. लेकीच्या लग्नानंतर ते कोण सांभाळणार, हे आजच घरात बोला.

प्रश्न : पहिल्या पावसात शेताच्या बांधावर कासव सापडलं. मऊ पाठ, पिवळे ठिपके. सासूबाई म्हणतात घरात कासव शुभ, विहिरीत सोडू. चालेल का?
– एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : नाही. वर्णनावरून हे आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव आहे, मागचे पाय झाकणारी कातडीची झडप पोटाखाली बघा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाठीवर तारे असलेलं कासवही त्याच अनुसूचीत आलं. घरात ठेवणं हा गुन्हा आहे, शिक्षा किमान तीन वर्षांची आणि दंड किमान २५ हजार. उन्हाळाभर ते चिखलात पुरून घेऊन पडून असतं आणि पाऊस पडला की पाण्याच्या शोधात निघतं. म्हणून बांधावर भेटलं. ते हरवलेलं नव्हतं. विहिरीत टाकलं तर उभ्या कडांमुळे वर येता येत नाही, अंडी घालायला माती मिळत नाही. धडधाकट असेल तर ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला, जवळच्या ओढ्याच्या काठावर ठेवा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सासूबाईंना देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करू द्या, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आणि ‘वीस नखांचं कासव’ म्हणून कुणी भाव सांगत आला तर लगेच पोलिसांना कळवा. या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नखं असतात.

प्रश्न : सुलकाटा या आफ्रिकी जातीच्या कासवाचं पिल्लू आहे. वाळवंटातलं असल्यानं गच्चीवर पत्र्याखाली ठेवलं तर चालेल ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हा गैरसमज कासवांचा जीव घेतो. सहाराच्या दक्षिणेला ही कासवं खोल बिळं करून दुपार काढतात, बिळात हवा गार आणि ओलसर असते. मे महिन्यात पत्र्याखाली यातलं काहीच नसतं. तळमजल्यावर सावलीत ठेवा. एक जुना रांजण आडवा करून निम्मा वाळूत पुरा, वाळू रोज ओली करा. आतला ओलावा महत्त्वाचा, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत कोरड्या हवेत वाढलेल्या कासवाच्या पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात, ते नंतर जात नाहीत. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीखाली राहील इतकंच.

खाणं म्हणजे गवत : हरळी, मारवेल. काटे जाळून सोललेला फड्या निवडुंग, तुतीची पानं. फळं नकोत. कण्हेर, रुई, गाजरगवत विषारी. कापसा-सोयाबीनच्या बांधावरचं गवत आणू नका, तणनाशक फवारलेलं असतं. कोवळी ज्वारी गुरांना बाधते तशी यालाही बाधेल. मोठं झाल्यावर वजन चाळीस किलोंच्याही वर जाऊ शकतं. काळ्या मातीत बीळ केलं तर पावसाळ्यात ढासळतं, तेव्हा विटांचं पक्कं घर लागेल.

ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. बिल जपून ठेवा. बिल मिळालंच नसेल तर विक्रेत्याकडे आजच मागा.

प्रश्न : लाल पट्ट्याचं कासव आता सांभाळवत नाही. नाथसागरात सोडू का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : नको. ही अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली जात, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. इथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न ती बळकावते, सोबत आजारही नेते. पाळू शकणारं दुसरं घर शोधा, टाकी आणि फिल्टरसकट द्या. घर मिळेपर्यंत खाणं एक दिवसाआड द्या, टाकीतलं एक तृतीयांश पाणी आठवड्याला बदला.