हळद, काहिली आणि तुझा गुडघा

प्रिय ईरा,

परवा तू सायकलवरून पडलीस आणि मी हळदीचा डबा घेऊन धावलो, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, तुझ्या गावात डॉक्टर नव्हते म्हणून आजी हळद लावायची का?" सहज विचारलंस, पण मला ते लागलं. कारण अर्धं उत्तर ‘हो’ असंच आहे. दवाखाना तालुक्याला, आणि गुडघा फुटला म्हणून कुणी पोराला एसटीत घालून नेत नसे.

उरलेलं अर्धं सांगतो. आमच्याकडे हळद डब्यात यायच्या आधी रानात असायची. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली, माघ-फाल्गुनात खणून काढायची. ओली ठेवली तर कुजते, म्हणून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पाणी घालून शिजवायची, वर हळदीचाच पाला झाकायचा. फेस येऊन वास सुटला की आबा एका हळकुंडात काडी खुपसून बघायचे. मग दहा-पंधरा दिवस ऊन. सकाळी पसरणं, संध्याकाळी ढीग करून झाकणं आम्हा पोरांकडे. वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणकन आवाज यायला हवा. तोवर आबा ‘झालं’ म्हणत नसत. शंभर किलो ओल्या हळदीचे जेमतेम वीसेक किलो उरायचे. भाव पडला की माल सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात जायचा. जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, ही ताकीद मला अजून ऐकू येते. 2005च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवं गेली. नानाकाका त्याबद्दल आजही फार बोलत नाही.

आजी जखमेवर चिमूट दाबायची ती या सगळ्यातून आलेली. म्हणून माझा हात आपोआप डब्याकडे गेला.

ती खरंच गुणकारी आहे का? 1995 साली अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि 1997मध्ये ते रद्द झालं. मी तेव्हा केवढा खूश झालो होतो! पण त्यातून ठरलं ते इतकंच, की हा वापर नवा नाही. जखम किती लवकर भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच. शिवाय आजी आधी जखम धुवायची, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं. दुकानातली पूड आणि आमच्या घरची पूड एकच, असंही मी म्हणणार नाही. तू साबणानं धुऊन पट्टी लावलीस, ते बरोबरच केलंस.

नानाकाका आता हळद वाफेवर शिजवतो, मोठ्या ड्रममध्ये. काहिली मागच्या पडवीत उपडी पडलीय. फेब्रुवारीत काढणी असते. तुला यावंसं वाटलं तरच सांग, तुझी सुट्टी बघून मी त्याला फोन करीन.

तुझा,
बाबा