एनसीबीच्या कारवाया गाजतात, मग न्यायालयात का पडतात? ही संस्था हवीच कशाला?

तुम्ही विचारलंय की शाहरुखचा मुलगा आर्यन खान निर्दोष होता तर एनसीबी, म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो ही केंद्राची अंमली पदार्थविरोधी यंत्रणा, सगळ्याच केसेस खोट्या करते का, आणि असं असेल तर ती बंद का करू नये. मी फौजदारी वकील आहे, एनडीपीएसचे, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालचे खटले आरोपीच्या बाजूने चालवतो. तरीही माझं मत असं की संस्था हवीच. फक्त तिने करायचं काम वेगळं आहे आणि २०२० ते २१ या काळात टीव्हीवर दिसलं ते वेगळं.

अंमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्याच्याखाली मार्च १९८६मध्ये एनसीबी स्थापन झाली, आज ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ड्रग्जचा साठा पकडला की लोक सरसकट एनसीबीचं नाव घेतात, पण नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा (मेफेड्रोन या कृत्रिम ड्रगचा) कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, कुरकुंभचा पुणे पोलिसांनी आणि मुंद्रा बंदरावरचं जवळपास तीन टन हेरॉइन डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने. एनसीबीने या सगळ्यांमध्ये समन्वय ठेवायचा आणि राज्याच्या, देशाच्या हद्दीपलीकडे जाणारी साखळी शोधायची. मे २०२३मध्ये नौदलासोबत केरळजवळच्या समुद्रात सुमारे २,५०० किलो मेथॅम्फेटामाइन धरलं, फेब्रुवारी २०२४मध्ये गुजरातजवळ सुमारे ३,३०० किलो माल, त्यात बहुतेक चरस. हे काम कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवाक्यातलं नाही.

आता २ ऑक्टोबर २०२१चा मुंबईच्या क्रूझ जहाजावरचा छापा घ्या, ज्यात आर्यन सापडला. एनसीबीनेच सांगितलेली जप्ती अशी: १३ ग्रॅम कोकेन, ५ ग्रॅम एमडी, २१ ग्रॅम चरस आणि २२ गोळ्या. आर्यनकडे काहीच सापडलं नव्हतं. तरी ३ ऑक्टोबरला अटक झालेला मुलगा ३० तारखेला आर्थर रोडमधून बाहेर आला. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण बहुतेक वादांचं मूळ तिथे आहे.

या कायद्यात कलम ३७ आहे. माल ‘व्यावसायिक प्रमाणात’ असला, म्हणजे गांजा २० किलो किंवा एमडी ५० ग्रॅमच्या वर गेला, की आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटला सुरू व्हायच्या आधीच तो जिंकावा लागतो. त्यामुळे तपास यंत्रणेची खरी ताकद शिक्षेत नाही, कोणतं कलम लावायचं यात आहे. मालाला पैसा पुरवल्याचं कलम २७ए लागलं की मालाचं वजन न बघता ३७ लागू होतं. अभिनेत्री रिया चक्रवर्तीला नेमकं तेच लावलं होतं. एखाद्या व्यवहाराचे पैसे दिले म्हणजे अवैध व्यापाराला वित्तपुरवठा केला असं होत नाही, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२०ला तिला जामीन दिला. आर्यनच्या वेळी कटाचं कलम २९ लावून इतरांकडचा माल त्याच्याही नावावर धरायचा प्रयत्न झाला. एका जहाजातून निघाले म्हणून कट होत नाही, हे उच्च न्यायालयाने सांगितलं. पुढे मे २०२२मध्ये एनसीबीच्याच दिल्लीच्या विशेष पथकाने दोषारोपपत्र दाखल केलं. त्यात वीसपैकी सहा जणांविरुद्ध पुरावाच नव्हता, आर्यन त्यांतला एक. त्या छाप्यात पंच म्हणून असलेल्या माणसाचा आरोपीसोबतचा सेल्फी सगळ्या देशाने पाहिला. खंडणीच्या आरोपावरून सीबीआयने २०२३मध्ये एनसीबीचे तत्कालीन विभागीय संचालक समीर वानखेडे यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्यांनी आरोप फेटाळले आणि उच्च न्यायालयात धाव घेतली.

ज्यांचं नाव बातमीत येत नाही त्यांचं काय होतं, ते मी रोज बघतो. एका यंत्रणेने माझ्या अशिलाकडून एमडी जप्त केलं, पंचनाम्यात वजन ५२ ग्रॅम. उलटतपासणीत कळलं की माल झिपलॉकच्या जाड पिशवीसकट काट्यावर ठेवला होता. पिशवीचं वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं. ५० ग्रॅमच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर त्या पोराचं तुरुंगात राहणं ठरत होतं. पंच बघावा तर आधीच्या केसेसमध्येही तोच. अशा पंचनाम्यामुळे निरपराध माणूस आत सडतो आणि खरा पेडलर सुटतो, दोन्ही तितकंच वाईट. म्हणून माझी चीड आहे.

एक बदल मात्र मोठा झाला. पूर्वी एनसीबीचे अधिकारी कलम ६७खाली जबाब घ्यायचे आणि तोच कबुलीजबाब म्हणून वापरायचे. केवळ त्यावर शिक्षा झालेली माणसं होती. २९ ऑक्टोबर २०२०ला तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की हे अधिकारीही पोलीसच, त्यांच्यापुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालणार नाही. तेव्हापासून तपास खरोखर करावा लागतो.

घरात कोणी व्यसनात अडकलं असेल तर केवळ धाकाने गप्प बसू नका. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर कलम ६४ए त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. मदतीसाठी १९३३ ही केंद्राची हेल्पलाइन आहे. आणि तुम्हालाच कोणी रस्त्यात थांबवून पंच व्हायला सांगितलं तर व्हा, पण वजन तुमच्यासमोर होऊ द्या, सील तुमच्यासमोर लागू द्या, पंचनाम्यावरची वेळ घड्याळाशी ताडून बघा आणि मगच सही करा.