कोलायटिस आतड्यातल्या जिवाणूंमुळे होतो, मग गोळ्या सोडून प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू असलेलं पूरक) घेतलं तर चालेल का?

मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज कमी ठेवणाऱ्या त्या गोळ्या, सोडू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होण्याचा आजार, होऊन ११ वर्षं झाली. चौथ्या वर्षी तब्येत छान होती आणि माझा थोरला भाऊ नेमकं तुमच्यासारखंच म्हणाला, "दोष जिवाणूंचा आहे ना? मग मुळावर घाव घाल. गोळ्या नुसती सूज दाबतात." मला पटलं. गोळ्या बंद, प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू. महिनाभर काहीच झालं नाही, त्यामुळे दोघांनाही जोर चढला. सातव्या आठवड्यात रक्त दिसलं. भावाला सांगितलं नाही. पुढे बाथरूमचा दिवा रात्री बंद करणंच सोडून दिलं. किती वेळा गेलो त्याच्या रेघा कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने मारायचो. एका चौकोनात १७ आहेत. ते पान अजून जपून ठेवलंय. शेवटी स्टेरॉइड घ्यावं लागलं.

जिवाणूंचा संबंध आहेच. इंटरल्युकिन-१० हे सूज आवरणारं प्रथिन बनवू न शकणाऱ्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, पण तेच उंदीर जंतुविरहित वाढवले तर होत नाही. मात्र त्याच जिवाणूंसोबत साधे उंदीर सुखाने जगतात, आणि हे भाऊ कधी ऐकून घेत नाही. प्रतिकारशक्तीही बिघडलेली असावी लागते. मोठ्या आतड्याच्या पेशी ब्युटिरेटवर (जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून बनवतात त्या पदार्थावर) जगतात आणि ते बनवणारे जिवाणू आपल्यासारख्या रुग्णांत कमी सापडतात, हेही खरं. पण ते आधी कमी झाले की सुजलेल्या आतड्यात त्यांचा टिकाव लागला नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्या २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. एकीत फायदा दिसला, दुसरीत नाही.

हो, एक सांगायला हवं. ई. कोलाय निस्सल हा एक जिवाणू आजार शांत ठेवण्यात मेसालामाइनच्या तोडीस तोड ठरल्याच्या चाचण्या आहेत. माझ्या कॅप्सूलमध्ये तो नव्हता. क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार) असेल तर प्रोबायोटिकच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांना विचारून औषधाच्या जोडीला घ्या, बदली नको.

भाऊ आता म्हणतो, लहानपणी अँटिबायोटिक दिली म्हणून हे झालं. टायफॉइड झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला दुसरं काय द्यायचं होतं? हे तो आईसमोर बोलतो आणि ती ताटावरून उठते. तुमच्या घरी कुणी असं बोललं तर त्याला तिथेच गप्प करा.