अबू सालेमच्या सुटकेची हमी भारत सरकार मोडू का शकत नाही?

आपण विचारले आहे की, १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत दोषी ठरून जन्मठेप झालेल्या अबू सालेमला पोर्तुगालच्या म्हणण्यावरून २५ वर्षांनी सोडायचे कशासाठी, आणि सरकारने सरळ नकार दिला तर तो देश आपले काय वाकडे करणार आहे? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. पोर्तुगाल फारसे काही करू शकणार नाही. तरीही नकार देणे चूकच ठरेल. हे मी माझ्या घरातल्या, त्याच स्फोटात जखमी झालेल्या माणसाच्या तोंडावर सांगितलेले आहे आणि त्यावरून आमच्यात बरेच दिवस अबोला होता, म्हणून हा प्रश्न वाचून पुढे जाता आले नाही.

सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला, तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. पोर्तुगालने जन्मठेप १८८४ मध्येच रद्द केलेली आहे आणि २५ वर्षे ही तिथल्या कैदेची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की, त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. त्यानंतरच तिथल्या न्यायालयांनी प्रत्यार्पणाला मान्यता दिली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आणला गेला.

११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हमी पाळावीच लागेल असा निकाल दिला, त्याच आठवड्यात आमच्याकडे आईचे वर्षश्राद्ध होते. माझे थोरले दाजी १९९३ मध्ये वरळीला नोकरीला होते आणि सेंच्युरी बाजारपाशी स्फोट झाला तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. डाव्या हाताच्या कोपराखाली काचेचा एक बारीक तुकडा अजूनही कातडीखाली आहे. डॉक्टरांनी तो काढण्यात अर्थ नाही असे सांगितल्यामुळे तो तसाच राहिला आणि बोलता बोलता त्यावरून अंगठा फिरवण्याची त्यांना सवय लागली. मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून पानावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, “त्या दिवशी २५७ माणसे मेली, त्यांना कुणी हमी दिली होती का रे? सही करताना आमच्यापैकी एकाला तरी विचारले होते का?” मी म्हणालो की, दाजी, ती सही झाली नसती तर हा माणूस आपल्या न्यायालयासमोर कधी उभाच राहिला नसता. ते पानावरून उठले नाहीत, कारण दिवस आईचा होता, पण नंतर कित्येक महिने माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

माझे मत आजही तेच आहे. १६ जून २०१७ रोजी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला जन्मठेप दिली. हा निकाल त्या हमीमुळे मिळाला. याच स्फोटांतले मुख्य फरारी आरोपी दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन यांच्यावर असा निकाल आजपर्यंत लागू शकलेला नाही, कारण ते हातीच लागलेले नाहीत. राग धरायचाच असेल तर तो तिकडे धरावा. शिवाय हमीकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे आपण एकदा पाहिलेले आहे. प्रत्यार्पणाच्या वेळी न सांगितलेली जादा कलमे त्याच्यावर लावली गेली, तेव्हा लिस्बनच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये अटींचा भंग झाल्याचे सांगून प्रत्यार्पणच रद्द ठरवले. पुढे भारताची अपिले तिथे टिकली नाहीत आणि अखेर २०१३ मध्ये सीबीआयला ती जादा कलमे मागे घ्यावी लागली. उद्या दुसऱ्या एखाद्या फरारी आरोपीसाठी आपण युरोपातल्या न्यायालयात उभे राहिलो, तर समोरचा वकील सर्वांत आधी सालेमचीच फाइल काढेल. लंडनमध्ये विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात, त्याला नीट ठेवले जाईल हे पटवण्यासाठी, आर्थर रोड तुरुंगातल्या १२ क्रमांकाच्या बराकीची चित्रफीत न्यायालयाला दाखवावी लागली होती. आपल्या शब्दाची इतकी बारकाईने तपासणी होते, हे ध्यानात घ्या.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. पोर्तुगालचा आदेश भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. २०२२ च्या निकालानेही सालेमची जन्मठेप कमी केलेली नाही. २५ वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्राने राष्ट्रपतींना घटनेच्या ७२ व्या (शिक्षामाफीच्या) कलमाखाली सल्ला द्यावा आणि त्यासाठीची कागदपत्रे महिन्याभरात पाठवावीत, किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेखालचा शिक्षामाफीचा अधिकार सरकारने स्वतः वापरावा, असा तो निकाल आहे. म्हणजे सुटका सरकारच्याच सहीने होईल. मुदत २००२ पासून मोजावी हे सालेमचे म्हणणे फेटाळले गेले आणि ती १२ ऑक्टोबर २००५ पासून धरली गेली, म्हणून ऑक्टोबर २०३० च्या आधी हा प्रश्नच येत नाही.

तेव्हा कुणाशी या विषयावर वाद घालण्यापूर्वी तो निकाल मुळातून वाचा, वर्तमानपत्राच्या मथळ्यावर जाऊ नका. आमच्या दाजींनी तो अजूनही वाचलेला नाही. मात्र एका मुद्द्यावर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. तुरुंगातल्या चांगल्या वर्तणुकीची सूट धरून आपली २५ वर्षे आधीच भरली, असा दावा घेऊन सालेम मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती प्रथमदर्शनी पूर्ण झालेली दिसत नाहीत असे म्हटले. हमी कमाल मर्यादेची होती. त्या मर्यादेतून आणखी दिवस वजा करून देण्याचे कोणतेही वचन भारताने लिस्बनला दिलेले नाही आणि सरकारने शेवटच्या दिवसापर्यंत त्याला आत ठेवावे.